नमुना सही

बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सह्या पाहिल्या.
दांडिया बाजारातली आमची सहकारी बँक,
खिडकी तीन, डाव्या हाताशी कार्डांचा खण.
कुणाच्या 'श'ला गाठ, कुणाच्या 'र'ला शेपूट,
कुणी नावाखाली दोन टिंबं देई, कुणी एकच,
आणि एकाचं टिंब गेलं तरी मला कळे.

आज माझीच जुळली नाही.

मुलगा नवा आहे, धैवत नावाचा.
चेक परत सरकवताना त्याचेच कान लाल झाले.
"आंटी, अंगूठो लगावी दो ने."
जांभळ्या शाईची तीच डबी,
झाकणाला तोच पोचा.

सुरुवात दुधाच्या पिशवीपासून झाली. कोपरा फाटेना.
मग सकाळी बिघडायला लागल्या.
रात्रीतून कुणी बोटांत ओली कणीक भरून जावं
आणि उजाडेपर्यंत ती वाळून बसावी, तसं.
तास-दीड तास पातेल्यातल्या गरम पाण्यात हात,
मग एकेक बोट, रुसलेलं, कामावर रुजू.
डावं मनगट सुजलं की उजवंही सुजे,
जुळ्यांना एकदम गोवर यावा तसं.

वात आहे, म्हणाले सगळे.
मंदाताई शिर्क्यांनी तेलाची बाटली आणली,
स्वतःच्या गुडघ्यांवरची, अर्धी वापरलेली.
त्यांचे गुडघे जिन्यावर करकरतात, ती झीज.
माझ्या दिरांना मध्यरात्री पायाच्या अंगठ्यावर
चादरसुद्धा सहन होईना, ते युरिक अ‍ॅसिड.
बाटली मात्र तिन्ही घरांत फिरली,
आणि तिन्ही घरांत आंबट बंद झालं.

आठ महिने असे घालवले मी. हिशेबाची बाई, तरी.

डॉक्टर झरणाबेननी बोटांची पेरं एकेक दाबून पाहिली,
रक्ताचे कागद वाचले, म्हणाल्या,
"शरीराचा पहारेकरी चुकलाय,
घरच्यांनाच चोर समजतोय."
मला पहारेकरी कळला नाही.
मला खिडकी कळली:
आत कुणीतरी बसलंय माझ्यासारखंच चोख,
माझ्याच सांध्यांची कार्डं काढून पाहतंय
आणि शिक्का मारतंय, जुळत नाही, जुळत नाही.

आता रविवारी मेथोट्रेक्सेट.
आठवड्यातून एकदाच, चिठ्ठीवर तीन रेघा ओढल्यात त्याखाली.
सोमवारी जेवण समोर नको वाटतं.
फॉलिकची गोळी, दर महिन्याला रक्त, लिव्हर ठीक आहे ना ते बघायला.
फिजिओवाल्या मुलीकडे मेणाच्या भांड्यात हात बुडवायचे,
पांढरे हातमोजे चढतात, मग सोलायचे.
तीन महिने काहीच घडलं नाही.
चौथ्यात एका सकाळी पिशवी फाटली,
आणि दूध ओट्यावर सांडलं, तरी मी हसत उभी.
गेलेली वळणं मात्र परत येणार नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितलंय.

आणि मधेच, औषधाच्या रांगेत, काशीबेन आठवल्या.
खंडेराव मार्केटात भाजी विकायच्या.
मोठ्या हट्टानं सही शिकलेल्या, पाच अक्षरं.
मी त्यांचा चेक दोनदा परत केला.
तिसऱ्यांदा डबी पुढे केली.
त्यांनी अंगठा टेकवला, पदराला पुसला, काही बोलल्या नाहीत.
त्यांची चारही बोटं एका बाजूला कललेली,
वाऱ्यातल्या गवतासारखी.
इतकी वर्षं नजर माझी नमुन्यावर. हाताकडे गेलीच नाही.

मी डबी बंद केली.
धैवतला म्हटलं, नवं कार्ड काढ.
तीन सह्या लागतात, मला माहीत आहे.
पहिली वाकडी आली, दुसरी आणखी वाकडी,
तिसरीत 'टिपणीस'मधली वेलांटी घसरून पार रेघेबाहेर.
तिन्ही एकमेकींशी जुळत नव्हत्या.
तो गोंधळला.
"चालेल," मी म्हटलं, "तिन्ही माझ्याच.
आणि कोपऱ्यात लिही पेन्सिलीनं,
या बाईंची सही
सकाळी अकराच्या आधी मागू नये."